पीएचक्यू-९: बेरजेआधी ओळी वाचा

नैराश्य आहे की नाही हे चाचपायला डॉक्टर किंवा समुपदेशक एखादा छापील कागद पुढे करतात, तेव्हा बहुतेक वेळा तो पीएचक्यू-९ असतो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. एका पानावर मावतो, भरायला पाच मिनिटं पुरतात आणि एक पैसाही लागत नाही. कंपन्यांच्या आरोग्य शिबिरांत तो असतो, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये असतो, व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतो. त्याचं धाकटं भावंड तर गावागावांत पोचलंय. तिशीच्या वरच्या माणसांना कुठल्या आजाराचा धोका आहे हे बघायला जो सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी भरून घेतात, त्याच्या शेवटच्या भागात याच कागदाचे पहिले दोन प्रश्न आहेत.

कागद उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकते. पण तो ज्या पद्धतीनं वाचला जातो ती पद्धत चुकते. लोक नऊ आकडे भरतात, बेरीज करतात आणि तेरा की सतरा एवढंच लक्षात ठेवतात. नऊ ओळींपैकी कुठल्या ओळी जड झाल्या हे कुणी बघत नाही. खरी माहिती तिथेच असते.

आधी भरण्याबद्दल. हातात पेन घ्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभे राहा. आजपासून चौदा दिवस मागे मोजा आणि त्या तारखेवर बोट ठेवा. त्या दिवशी काय होतं ते आठवा: संकष्टी होती, पगार झाला, पाहुणे आले, काहीही. सगळे प्रश्न त्या दिवसापासून आजपर्यंतच्या काळाचेच आहेत. ही खूण न करता भरलं की माणूस एक तर आज सकाळी कसं वाटलं ते लिहितो, नाही तर गेलं अख्खं वर्ष डोळ्यांसमोर आणून लिहितो. दोन्ही वेळा आकडा फसवा निघतो.

गुण दिवसांवर आहेत, त्रास किती तीव्र होता यावर नाहीत. त्रास अजिबात नसेल तर ०. काही दिवस असेल तर १. निम्म्याहून अधिक दिवस असेल, म्हणजे चौदांपैकी आठ किंवा जास्त, तर २. जवळजवळ रोज असेल तर ३. एकाच दिवशी भयंकर रडू आलं आणि बाकीचे तेरा दिवस बरे गेले, तर तिथे ३ येत नाही. मराठी प्रती एकापेक्षा जास्त फिरतात, म्हणून एक गोष्ट तपासून घ्या. १ गुणाच्या खान्यावर 'काही दिवस'च्या ऐवजी 'अनेक दिवस' किंवा 'बरेच दिवस' छापलं असेल, तर दोन-तीन दिवस त्रास झालेला माणूस ० वर खूण करून पुढे जातो. अशा प्रतीवर शब्द बाजूला ठेवा आणि दिवस मोजा.

दुसऱ्यासाठी भरून घेत असाल, म्हणजे आईला किंवा आजोबांना चष्म्यावाचून दिसत नाही म्हणून वाचून दाखवत असाल, तर छापलेले शब्द जसेच्या तसे वाचा आणि थांबा. 'म्हणजे तुला तसं काही होत नाही ना?' असं विचारलं की उत्तर ठरूनच गेलं. आणि खोलीत तिसरं माणूस नको. सहावी ओळ अशी आहे: आपण कमी पडलो, स्वतःला किंवा घरच्यांना मान खाली घालायला लावली असं वाटतं का? शेजारी सासूबाई बसलेल्या असताना कुठली सून यावर खरं बोलेल? नवरा दारात उभा असेल तरी तेच.

आता बेरजेचं. ठरलेले पट्टे असे: ४ पर्यंत जवळजवळ काही नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० आणि त्यापुढे तीव्र. बहुतेक ठिकाणी १० ही कट-ऑफ धरतात, म्हणजे १० किंवा जास्त आले तर नैराश्याची शंका घेऊन पुढे तपासतात. हे पट्टे पाठ असायला हरकत नाही, पण समोर दोन कागद ठेवून बघा.

पहिल्या कागदावर ओळीनं आकडे आहेत ०, १, ३, ३, २, ०, १, २, ०. बेरीज १२. दुसऱ्यावर २, २, १, ०, १, ३, २, ०, १. बेरीज पुन्हा १२. दोघंही 'मध्यम' पट्ट्यात बसले. आता ओळी वाचा. पहिल्याला कशातला रस गेलेला नाही, उदासही तो जेमतेम काही दिवस होता. त्याचे गुण झोप, थकवा, भूक आणि मंदावलेल्या हालचालींत साठलेत. हा माणूस रात्रपाळीचा असू शकतो, त्याचं हिमोग्लोबिन कमी असू शकतं, थायरॉइड मंद असू शकतं, साखर वाढलेली असू शकते. त्याला आधी साध्या डॉक्टरांकडे पाठवायचं, रक्त तपासायचं. दुसऱ्याचा रस गेलाय, मन बसलंय, आपण नालायक आहोत असं त्याला जवळजवळ रोज वाटतं, लक्ष लागत नाही, आणि नवव्या ओळीत मरणाचा विचारही डोकावलाय. त्याला मानसोपचाराच्या दारापर्यंत लगेच न्यायला हवं.

हा फरक डोळ्यांनी अंदाजे काढायचा नाही, त्याचा नियम कागद बनवणाऱ्यांनीच दिलाय. नैराश्याची दाट शंका घ्यायला नऊपैकी निदान पाच ओळींत २ किंवा ३ असायला हवेत आणि त्या पाचांत पहिली किंवा दुसरी ओळ असायलाच हवी. नवव्या ओळीला मात्र १ असला तरी ती मोजायची. पहिल्या कागदावर अशा चारच ओळी भरतात आणि त्यांत पहिल्या दोन्ही नाहीत. दुसऱ्यावर चार ओळी आणि नववी मिळून पाच होतात. हा नियम कागदाच्या मागच्या सूचनांत असतो. झेरॉक्स काढताना पुढचंच पान निघतं आणि नियम मागे राहून जातो. अ‍ॅपही बहुधा बेरीज दाखवून थांबतात.

ओळी मराठी घरात वाचताना कुठे अडखळायला होतं तेही बघू.

पहिली ओळ रस आणि आनंदाची. घर चालवणारी बाई इथे हमखास ० लिहिते. सकाळी डबे होतात, ऑफिस होतं, संध्याकाळी अभ्यास घेतला जातो, मग रस गेला असं कसं म्हणायचं? पण प्रश्न कामं होतात का हा नाही, त्यात मन आहे का हा आहे. हे समजून घ्यायला कर्तव्याची कामं बाजूला काढा आणि आवडीची तपासा. भजनी मंडळात जावंसं वाटतं का? रविवारची मटणाची भाजी पूर्वीसारखी चवीनं खाल्ली जाते का? नातवाचा व्हिडिओ कॉल आला की उचलावासा वाटतो का, की 'नंतर बघू' होतं? इथे उत्तर बदललं तर ओळीचा गुणही बदलतो.

दुसऱ्या ओळीत उदास, खिन्न, निराश असे शब्द येतात. चाळिशीच्या पुरुषांना हे शब्द आपले वाटत नाहीत. त्यांच्या तोंडी 'डोकं फिरलंय', 'वैताग आलाय', 'कुणाशी बोलावंसं वाटत नाही' असतं. आणि चिडचिडीला या कागदात जागाच नाही. ही मोठी उणीव आहे. किशोरवयीन मुलांसाठी जी वेगळी प्रत आहे तिच्यात चिडचिड या ओळीत घातलीय, मोठ्यांच्या प्रतीत नाही. दारूचाही प्रश्न नाही. त्यामुळे रोज संध्याकाळी बसणारा आणि घरात सगळ्यांवर डाफरणारा माणूस ७ गुण घेऊन सुटू शकतो. त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दारूबद्दलची ऑडिट ही दहा प्रश्नांची वेगळी यादी आहे, ती जोडीला भरून घ्यावी.

तिसरी, पाचवी आणि आठवी या तीन ओळी दुतोंडी आहेत. झोप कमी किंवा जास्त, भूक कमी किंवा जास्त, हालचाल मंद किंवा अस्वस्थ येरझाऱ्या. पहाटे तीनला जाग येऊन छताकडे बघत पडणारा आणि दुपारी बारापर्यंत न उठणारा, दोघांनाही ३. उपचार ठरवताना मात्र हे दोघं वेगळे आहेत. म्हणून या तिन्ही ओळींपुढे आकड्याशेजारी 'कमी' किंवा 'जास्त' एवढा एक शब्द हातानं लिहा. छापील कागदात त्याला जागा नाही, समासात लिहा. डॉक्टरांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

भूक विचारताना श्रावण, नवरात्र, चातुर्मास लक्षात घ्या. उपवास धरल्यामुळे कमी खाल्लं ही भूक मेल्याची खूण नाही. उपवास सुटल्यावरही समोरचं ताट नकोसं वाटत होतं का, ते विचारायचं.

सातव्या ओळीत वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष लागतं का असं असतं. आता निम्मी माणसं दोन्ही करत नाहीत. आणि तासभर रील्स बघता येणं म्हणजे लक्ष लागणं नाही, तिथे दर अर्ध्या मिनिटाला विषय बदलतो. त्याऐवजी विचारा: एक अख्खा एपिसोड सलग बघता येतो का? वाणसामानाची यादी एकदा लिहून पुरी होते का? गॅस बंद केला का हे परत परत बघायला जावं लागतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर नैराश्याबरोबर चिंताही तपासावी, कारण या कागदात चिंतेचा एकही प्रश्न नाही. त्यासाठी पीएचक्यू-९ बनवणाऱ्या मंडळींनीच २००६ मध्ये जीएडी-७ आणला. सात प्रश्न, एकूण २१, तिथेही १० ही कट-ऑफ. मराठी माणूस 'छातीत धडधडतं', 'पोटात गोळा येतो' अशा शब्दांत बोलतो. तसं बोलणाऱ्यापुढे दोन्ही कागद ठेवणं बरं.

नऊ ओळींखाली दहावा प्रश्न असतो. त्याला गुण नाहीत म्हणून तो सर्रास कोरा सोडला जातो. या सगळ्यामुळे काम, घर आणि माणसांशी वागणं किती कठीण झालं, असं तो विचारतो. १० गुण आणि 'अत्यंत कठीण' ही जोडी १६ गुण आणि 'जराही कठीण नाही' यापेक्षा जास्त काळजीची आहे. तो कोरा सोडू नका.

आता नववी ओळ, आणि इथे घाई करायची नाही. 'आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करावी असे विचार आले का?' एकाच वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे 'देवानं आता उचलावं' हे ऐंशीच्या आजी चहा पिता पिता म्हणतात. 'जीव नकोसा झालाय' हे उकाड्यानंही म्हटलं जातं. त्यामुळे इथे १ दिसला म्हणून आकाश कोसळलं असं नाही, पण तो १ नुसता आकडा म्हणून बेरजेत मिसळायचा नाही. बेरीज ६ असो की २६, या ओळीत शून्याखेरीज काहीही असेल तर त्याच बैठकीत, शांत आवाजात पुढचं विचारायचं. नुसतं मरण यावंसं वाटतं, की स्वतःहून काही करावंसं वाटतं? कसं, कधी, असं काही मनात ठरलंय का? ते करायचं साधन हाताशी आहे का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो ही भीती निराधार आहे. उलट कुणी तरी सरळ विचारलं याचाच माणसाला आधार वाटतो.

दुसऱ्या प्रश्नापासून पुढे कुठेही 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचे साठे कुलपात जायला हवेत, आणि किल्ली त्याच्या हाती नको. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करायचा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. बोलायला माणूस हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, बंगळुरूची निम्हान्स संस्था तिची शिखर संस्था आहे, फोन चोवीस तास आणि फुकट लागतो, भाषा निवडता येते आणि त्यात मराठी आहे. पहिल्यांदा प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज असेल तर ते तज्ज्ञाकडे जोडून देतात. फोन करताना शेजारी कागद ठेवा आणि ओळीचे आकडे सांगा, पहिली दहा मिनिटं वाचतात. पोलिसांची धास्ती बाळगून लोक हा विषयच टाळतात, म्हणून हेही सांगायला हवं: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर खटला चालवता येत नाही.

कट-ऑफवर किती विसंबायचं? हा कागद रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी अमेरिकेत बनवला. २००१ साली त्याची तपासणी प्रसिद्ध झाली. सहा हजार रुग्णांनी तो भरला, त्यांतल्या ५८० जणांची तज्ज्ञांनी वेगळी मुलाखत घेतली. पुढे २०१९ मध्ये ५८ अभ्यासांतली १७ हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून बघितली गेली. तज्ज्ञाच्या सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहिलं, तर १० या कट-ऑफला नैराश्य असलेल्या १०० पैकी सुमारे ८८ जण सापडतात आणि नसलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जण बरोबर वगळले जातात.

ऐकायला हे भरघोस वाटतं. हेच आकडे एका वसाहतीवर लावून बघा. समजा हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या शंभरांना खरोखर नैराश्य आहे. कागद ८८ जणांना पकडेल. उरलेल्या नऊशेंपैकी १५ टक्के, म्हणजे १३५ जणांनाही तो १० किंवा जास्त दाखवेल. एकूण २२३ जण 'पॉझिटिव्ह', त्यांत खरे ८८. म्हणजे दहा किंवा जास्त आलेल्या दर पाचांत नैराश्याचे दोनच. म्हणून शिबिरात एकदा भरलेल्या कागदावरून कुणाला 'डिप्रेशन आहे' म्हणणं चूक आहे, आणि कर्मचाऱ्याच्या फाइलला तो आकडा जोडणं अन्यायाचं आहे. या कागदाचं काम पुढे कुणाशी बोलायचं ते ठरवणं. निदान त्या बोलण्यातून होतं.

तळाशी बारीक अक्षरांत फायझर कंपनीच्या अनुदानाचा उल्लेख असतो. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध याच कंपनीनं बाजारात आणलं, त्यामुळे कागद गोळ्यांकडे ढकलतो का ही शंका रास्त आहे. प्रश्नांत मला तसं काही दिसत नाही. नैराश्याच्या निदानाचे जे नऊ निकष मानसोपचारात ठरलेले आहेत, तेच इथे सोप्या भाषेत आलेत. धोका आहे तो आकडा बघून थेट गोळी लिहिण्यात. याच अनुदानाच्या ओळीजवळ, कागद छापायला, भाषांतर करायला, वाटायला परवानगी लागत नाही असंही लिहिलेलं असतं. त्यामुळे या कागदाचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

काही जणांनी हा कागद भरून निष्कर्ष काढूच नये. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तेरावं-चौदावं व्हायचं असेल, तर झोप, भूक, रडू सगळंच वर जातं आणि ते दुःख असतं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची झोप बाळ ठरवतं, म्हणून तिच्यासाठी १९८७ चा एडिंबरा हा दहा प्रश्नांचा कागद आहे, त्यात शरीराच्या तक्रारी जवळजवळ घेतलेल्याच नाहीत. ज्याच्या आयुष्यात कधी तरी असा काळ आलाय की तीन-चार तास झोपूनही अंगात वारं भरल्यासारखी ऊर्जा होती, बोलणं थांबत नव्हतं, खर्चाला धरबंध नव्हता, त्यानं डॉक्टरांना हे पहिल्या वाक्यात सांगावं. त्याचं नैराश्य बायपोलरचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अशा आजाराचं, असू शकतं. तिथे नुसती नैराश्याची गोळी सुरू केली तर उन्माद उसळू शकतो. पीएचक्यू-९ ला उन्माद दिसत नाही, तो फक्त तळाकडे बघतो.

आशाताईंच्या फॉर्ममधल्या दोन प्रश्नांबद्दलही एक सांगायचंय. दोन प्रश्नांची बेरीज ६ पर्यंत जाते. फॉर्मवर ३ पेक्षा जास्त गुण आले तर आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवा अशी सूचना आहे. मूळ शिफारस ३ आणि त्यापुढे अशी आहे. नेमका ३ आलेला माणूस या फटीतून निसटतो. ताईंनी तो ३ दिसला तर उरलेले सात प्रश्न तिथेच विचारावेत, तीन मिनिटांचं काम आहे.

आकडा आल्यावर काय करायचं? ५ ते ९ असेल तर गोळ्यांचा विचार बहुधा नको. दोन आठवड्यांनी पुन्हा भरा आणि मधल्या काळात दिवसाची घडी बसवा. १० ते १४ असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाशी बोलणं, सोबत वर सांगितलेल्या रक्ताच्या तपासण्या. १५ आणि त्यापुढे उपचार सुरू व्हायला हवेत. बोलण्याचे, गोळ्यांचे, किंवा दोन्ही.

बोलण्याचे उपचार म्हणजे मोठ्या शहरातला महागडा तज्ज्ञच, असं नाही. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच कागदावर १४ च्या वर गुण आलेल्या ४९५ जणांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के जण १० च्या खाली आले, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. बैठकांचा गाभा अगदी साधा होता: मूड सुधारला की कामं करू, अशी वाट बघत बसायचं नाही, छोटं काम ठरवायचं, वेळ लिहायची, मूड कसाही असला तरी करायचं, आणि केल्यावर कसं वाटलं ते नोंदवायचं.

घरी हे करायचं तर काम खरंच छोटं हवं. 'रोज सकाळी फिरायला जाणार' असं लिहू नका. 'मंगळवारी साडेसहाला चपला घालून कोपऱ्यावरच्या दूध केंद्रापर्यंत' असं लिहा. आठवड्याला अशी चार-पाच, त्यांत निदान एक माणसांत मिसळण्याचं आणि एक पूर्वी आवडणारं. तिसऱ्या दिवशी चुकलं तर काम निम्मं करा, सोडू नका. बहुतेकांचं इथेच फसतं, पहिल्याच आठवड्यात व्यायाम, ध्यान, वाचन सगळं एकदम घेतात आणि गुरुवारी सगळंच सुटतं, मग सहाव्या ओळीत आणखी एक गुण वाढतो.

पुन्हा भरायचं ते दोन आठवड्यांनी, रोज नाही. रोज भरलं तर चौदांपैकी तेरा दिवस तेच असतात, आकडा हलत नाही आणि माणूस खचतो. ५ गुणांचा फरक हा खरा फरक धरतात. १५ चे १३ झाले म्हणून हुरळून जायचं नाही, १२ चे १४ झाले म्हणून घाबरायचं नाही. उपचारात मूळ आकडा निम्म्यावर येणं म्हणजे औषध लागू पडतंय, आणि ५ च्या खाली येऊन टिकणं म्हणजे लक्षणं गेली. गोळ्या सुरू असतील तर पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ आणि झोपेच्या तक्रारींनी तिसरी आणि पाचवी ओळ वरही जाऊ शकते. तेव्हा बेरीज वाढली म्हणून गोळी सोडू नका. पहिली आणि दुसरी ओळ कुठे चाललीय ते बघा आणि डॉक्टरांना कळवा. पुरता परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. आणि आकडा ३ वर आला की मनानं गोळ्या बंद करणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बरं वाटायला लागल्यावरही साधारण निदान सहा महिने औषध चालतं, आणि कमी करायचं ते डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्यानं.

कागदच वापरा, अ‍ॅप शक्यतो नको. प्रश्न भरून झाल्यावर 'निकाल बघण्यासाठी मोबाइल नंबर टाका' म्हणणारं पान तिथेच बंद करा. निकाल म्हणजे नऊ आकड्यांची बेरीज, ती वहीतही होते, आणि नवव्या ओळीचं उत्तर अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जायचं काहीच कारण नाही. वहीत पानाच्या वर तारीख घाला, खाली ओळीनं नऊ आकडे, तीन दुतोंडी ओळींपुढे 'कमी' किंवा 'जास्त', शेवटी दहाव्याचं उत्तर. डॉक्टरांकडे जाताना शेवटची दोन पानं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (बीपीच्या, साखरेच्या, आयुर्वेदिक काढ्यांसकट) आणि रक्ताचे जुने रिपोर्ट एका पिशवीत घाला.